सिग्नल सुटला की मागे निळा धूर, एक म्हणतो टर्बो गेला, दुसरा म्हणतो रिंगा. आधी काय तपासू?

मुलुंडची_डिझेल:

नमस्कार. गाडी १.३ लिटर डिझेल हॅचबॅक, २०१४ चं मॉडेल, मॅन्युअल, १ लाख ३० हजार किमीच्या पुढे गेलीये. रोजचा रस्ता मुलुंड ते अंधेरी, म्हणजे एलबीएस रोड आणि मग जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड (जेव्हीएलआर), त्यामुळे चालते कमी आणि उभी जास्त असते. गेल्या काही आठवड्यांपासून असं होतंय की गांधीनगर जंक्शनला किंवा पवईला बराच वेळ न्यूट्रलवर उभी राहिली आणि सिग्नल सुटल्यावर ॲक्सिलरेटर दिला की मागून निळसर धुराचा लोट येतो, आरशात मागची रिक्षा दिसेनाशी होते, आणि थोडं पुढे गेलं की परत सगळं साफ. हायवेला ८० ने चालवताना काहीच नाही. सकाळी पहिल्या स्टार्टला पण नाही. पिकअप मला तरी पहिल्यासारखाच वाटतो, शिट्टीसारखा आवाज वगैरे काही नाही. ऑइल मात्र कमी होतंय, मागच्या सर्व्हिसनंतर डिपस्टिकवर लेव्हल मिनच्या जवळ आली म्हणून टॉपअप केलं. कूलंट जिथल्या तिथे आहे.

घराजवळच्या गॅरेजवाल्याने बोनेट न उघडता नुसती रेस करून सांगितलं की टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारा पंखा) गेला, नवीन टाका, ४० हजारांच्या आसपास सांगतोय. दुसरा म्हणतो रिंगा (पिस्टनच्या) गेल्यात, इंजिन उतरवावं लागेल, त्याचा आकडा तर अजून मोठा. गाडी बाबांनी घेतलेली आहे आणि मला ती अजून बरीच वर्षं चालवायचीये, खर्चाला ना नाही पण नेमकं काय बिघडलंय ते कळल्याशिवाय पैसे घालायचे नाहीत. पीयूसी पण संपत आलीये. घरी किंवा गॅरेजमध्ये समोर उभं राहून काय काय तपासून घेऊ म्हणजे टर्बो की इंजिन ते कळेल?


डिझेलवेडा_डोंबिवली:

ताई, धूर कधी येतो आणि कधी येत नाही हे तुम्ही नीट बघितलंय ते फार कामाचं आहे, कारण निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय एवढंच रंगावरून कळतं, ते कुठून येतंय हे वेळेवरून कळतं. रिंगा गेलेल्या असतील तर लोडवर धूर येतो, खोपोलीहून बोरघाट चढताना सतत येईल, हायवेला पण येईल. वॉल्व्ह सील (वॉल्व्हवरून ऑइल आत उतरू न देणारे) गेले असतील तर रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी स्टार्ट केली की एक भपका येतो. तुमच्याकडे दोन्ही नाही. बराच वेळ आयडलिंग (पाय न देता इंजिन नुसतं चालू) आणि मग रेस दिल्यावर एक लोट, हे टर्बोमधून ऑइल निसटण्याचं लक्षण आहे. पण टर्बोमधून ऑइल निसटतंय याचा अर्थ टर्बो खराब झालाय असा होत नाही, आणि लोकांचे पैसे इथेच जातात.

टर्बोमध्ये रबरी ऑइल सील नसतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांना पिस्टन रिंगसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात, आणि ऑइल आत राहतं ते मुख्यतः एका बाजूला एक्झॉस्टचा आणि दुसऱ्या बाजूला बूस्टचा, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा, दाब असतो म्हणून. आयडलला दोन्हीकडचा दाब अगदी कमी असतो. त्यात बेअरिंगमधून गेलेलं ऑइल खाली चेंबरला, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, परत जातं ते नुसतं वजनाने उतरतं, त्याला परत खेचणारा पंप नाही, आणि ते फेसाळलेलं असतं, म्हणून तो रिटर्न पाइप जाड असतो आणि सरळ खाली उतरलेला असतो. तो पाइप कार्बनने अर्धा बुजला तर ऑइल टर्बोतच तुंबतं आणि मग मिळेल त्या बाजूने बाहेर पडतं. नवीन टर्बो टाकलात आणि पाइप तोच ठेवलात तर नवीन टर्बो पण तसाच गळणार.

दुसरं कारण ब्रीदर. प्रत्येक इंजिनमध्ये थोडा गॅस रिंगांच्या बाजूने खाली चेंबरमध्ये उतरतोच, तो ब्रीदरमधून बाहेर निघून परत एअर इनटेकला जातो. ब्रीदर चोक झाला की चेंबरमध्ये दाब वाढतो आणि टर्बोचं ऑइल खाली उतरूच शकत नाही. रिंगा झिजल्या तरी हेच होतं, गॅस जास्त येतो आणि ब्रीदरला झेपत नाही. म्हणजे तुमचे दोन्ही मेकॅनिक वेगवेगळं बोलत असले तरी या जागी दोघांचं म्हणणं जोडलं जाऊ शकतं, त्यामुळे चेंबरमधला दाब बघितल्याशिवाय टर्बो मागवायचाच नाही.

तिसरं साधं, एअर फिल्टर. मेट्रोची कामं चालू असलेल्या रस्त्यावर रोज तासभर उभं राहिलं की फिल्टर सर्व्हिसच्या आधीच भरतो. फिल्टर चोक असेल तर टर्बोच्या पुढच्या पंख्याच्या तोंडाशी ओढ तयार होते आणि त्या बाजूने ऑइल खेचलं जातं.

आणि सगळ्यात आधी डिपस्टिक. टॉपअप करताना लेव्हल मॅक्सच्या वर गेली नाही ना? गेली असेल तर तेवढ्यानेही रिटर्न अडतो.


पार्लेकर_६७:

वरचं सगळं बरोबर आहे पण एक गोष्ट कोणी लिहिली नाही आणि ती धोक्याची आहे म्हणून लिहितो. टर्बोच्या पुढच्या बाजूने गळणारं ऑइल इंटरकूलरमध्ये, म्हणजे टर्बोतून आलेली गरम हवा गार करणाऱ्या जाळीत, साठत राहतं. हळू चालवताना ते तिथेच पडून राहतं, मग एके दिवशी तुम्ही ओव्हरटेक करायला पाय दाबता आणि सगळं ऑइल एकदम इंजिनमध्ये जातं. डिझेल इंजिनला स्पार्क लागत नाही, त्याला ऑइल हेच इंधन, त्यामुळे इंजिन आपोआप रेस होत सुटतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. रनअवे म्हणतात त्याला. तसं झालंच तर मॅन्युअल गाडीत ब्रेक पूर्ण दाबून ठेवायचा, हँडब्रेक ओढायचा, चौथा किंवा पाचवा गिअर टाकायचा आणि क्लच सोडायचा, इंजिन गुदमरून बंद पडतं. हे पहिल्या काही सेकंदांत करायचं, बोनेट उघडून वाकून बघत बसायचं नाही. ऑटोमॅटिकवाल्यांना हा उपाय नाही, त्यांनी गाडी थांबवून सगळ्यांना बाहेर काढून लांब जायचं.

म्हणून इंटरकूलर उघडून ऑइल काढल्याशिवाय पीयूसीला अजिबात जाऊ नका. डिझेलच्या पीयूसीत गाडी उभी ठेवून पाय पूर्ण दाबून रेस करतात, परत परत करतात, आणि तुमच्या गाडीला सध्या नेमकं तेच नको आहे. तुमच्या गाडीसारख्या बीएस-४ (प्रदूषणाचा टप्पा) डिझेलला धुराची मर्यादा ५० हार्ट्रिज युनिट (धुराच्या दाटपणाचं माप) आहे, मशीन धूर किती दाट आहे तेवढंच बघतं, निळा की काळा ते बघत नाही, त्यामुळे अशी गाडी तिथे पास होणंही कठीण.

माझं मत विचाराल तर डोंबिवलीकरांइतका वेळ मी लावणार नाही. १ लाख ३० हजार झालेत, मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये झालेत, टर्बो रिकंडिशन करून टाका आणि मोकळ्या व्हा. तुमचं १.३ लिटर म्हणजे फियाटचं १२४८ सीसी इंजिन, ते मारुती, टाटा, फियाट तिघांच्या गाड्यांत आलं, त्यामुळे टर्बोचं मधलं कार्ट्रिज (शाफ्ट आणि बेअरिंगचा तयार गाभा) मिळायला अडचण नाही, पूर्ण नवीन टर्बो घ्यायची गरजच नाही. फक्त कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून काढलेला जुना टर्बो आणून बसवू नका, तो कुठल्या गाडीतून आणि का निघाला ते कोणाला माहीत नसतं.


भांडुप_गॅरेज:

मी डिझेलचीच कामं करतो. पार्लेकर साहेब, इंटरकूलरचं तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के, प्रत्येकाने वाचून ठेवावं. पण कारण न शोधता रिकंडिशन करायला माझा विरोध आहे. नवीन टर्बो बसवून थोड्याच दिवसांत परत धूर घेऊन आलेल्या गाड्या आमच्याकडे येतात आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांत टर्बोला काहीच झालेलं नसतं.

ताई, गॅरेजमध्ये समोर उभं राहून हे करून घ्या. इंजिन गरम असताना आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडायला सांगा आणि ते उलटं करून तोंडावर नुसतं ठेवायला सांगा. थोडं थरथरलं, हलका वाफारा आला, तर डिझेलला ते चालतं. झाकण उडून पडलं किंवा भकभक गॅस आला तर दाब जास्त आहे. मग ब्रीदरचा पाइप काढून परत तेच करायचं. पाइप काढल्यावर दाब गेला तर ब्रीदर चोक, आणि पाइप काढूनही तेवढाच दाब राहिला तर मात्र सिलिंडर दाब धरतात का ते बघणारी कॉम्प्रेशन टेस्ट करायची, जमलं तर लीक-डाउन (हवा भरून गळती मोजायची) पण, मग रिंगांचं बोलायचं. इंजिन उतरवायची गोष्ट त्याच्या आधी कोणी केली तर गाडी घेऊन निघा.

मग इंजिन थंड करून टर्बोच्या तोंडावरचा हवेचा पाइप काढायचा. पंख्याचा शाफ्ट दोन बोटांत धरून आतबाहेर ओढून बघायचा, त्या दिशेला हाताला प्ले (ढिलेपणा) जाणवता कामा नये. वरखाली, बाजूला किंचित हलतो, तो हलणारच, शाफ्ट ऑइलच्या थरावर तरंगतो आणि बंद गाडीत तो थर नसतो. किती तरी मेकॅनिक तोच प्ले दाखवून टर्बो गेला सांगतात. बघायचं एवढंच की हलवल्यावर पंख्याचं पातं भोवतीच्या कव्हरला घासतंय का, घासल्याची चकाकी आहे का, पात्यांच्या कडा तुटल्यात का.

पुढे इंटरकूलरचे पाइप. आतून ऑइलचा पातळ थर असणं नॉर्मल आहे, ब्रीदरची वाफ त्याच वाटेने जाते. पाइप वाकवल्यावर ऑइल ओतल्यासारखं बाहेर आलं तर ते जास्त आहे.

आणि एक तपासणी जी फार कमी लोक करतात. टर्बोच्या एक्झॉस्ट बाजूला दोन तोंडं, इंजिनकडून गॅस आत येतो ते आणि सायलेन्सरकडे बाहेर जातो ते. बाहेरचं तोंड ओलं आणि आतलं कोरडं काळं, तर ऑइल टर्बोने सोडलंय. आतलं तोंड, म्हणजे मॅनिफोल्डच ऑइलने ओलं असेल तर ऑइल इंजिनमधूनच येतंय, रिंगा नाहीतर वॉल्व्ह सील, टर्बोला हात लावू नका. मॅनिफोल्ड उघडायला थोडी मजुरी जाईल पण त्या एका नजरेत तुमच्या दोन्ही गॅरेजवाल्यांचं भांडण मिटतं.


टर्बोपेट्रोल_ठाणे:

इथेच विचारतो, वेगळा धागा काढत नाही. माझी १ लिटर टर्बो पेट्रोल, अजून नवीनच आहे. पावसाळ्यात सकाळी सोसायटीतून काढताना पांढरा धूर येतो आणि सायलेन्सरमधून पाण्याचे थेंब पडतात. तीन हात नाक्यापर्यंत गेलो की बंद. हेड गॅस्केट गेलं असेल का, म्हणजे कूलंट इंजिनात शिरून जळत असेल का? वाचून वाचून घाबरलोय.


डिझेलवेडा_डोंबिवली:

घाबरू नका, ते पाणीच आहे. १ लिटर पेट्रोल जळलं की साधारण १ लिटर पाणी तयार होतं, गरम सायलेन्सरमधून ते न दिसता वाफ होऊन निघून जातं आणि थंड सायलेन्सरमध्ये थेंब होऊन पडतं. पावसाळ्याच्या दमट हवेत तीच वाफ पांढरी दिसते. ती दोन फुटांवर हवेत विरते आणि वास नसतो.

कूलंट जळत असेल तर धूर दाट असतो, मागे रेंगाळतो, इंजिन गरम झाल्यावरही येतो आणि वास गोडसर असतो. सोबत कूलंटची लेव्हल उतरते. सकाळी थंड गाडीत बाटलीची लेव्हल बघून खूण करून ठेवा, ती उतरली नाही तर विषय संपला. उतरत असेल तर गॅरेजमध्ये कूलंटच्या तोंडावर निळ्या लिक्विडची टेस्ट करून घ्या, इंजिनचा जळालेला गॅस कूलंटमध्ये येत असेल तर ते लिक्विड पिवळं होतं. गरम गाडीत झाकण मात्र उघडायचं नाही, चटका फार वाईट बसतो.

डिझेलवाल्यांसाठी एवढंच जोडतो की पांढरा धूर आणि डोळे झोंबणारा कच्च्या डिझेलचा वास असेल तर ते न जळलेलं डिझेल, इंजेक्टर नाहीतर ग्लो प्लग बघायचे. काळा धूर आणि पिकअप गेला, सोबत फुस्स असा आवाज, तर आधी इंटरकूलरचे पाइप बघायचे, क्लॅम्प निसटलेला किंवा पाइप फाटलेला असतो, तेवढ्यासाठी लोक इंजेक्टर बदलतात.


मुलुंडची_डिझेल:

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी ओळखीतल्या एका मेकॅनिककडे गाडी नेली आणि भांडुपच्या दादांनी लिहिलेलं सगळं क्रमाने करून घेतलं, तो पण चांगला निघाला, प्रत्येक गोष्ट दाखवत होता.

डिपस्टिक मॅक्सच्या खालीच आहे. एअर फिल्टर काळाकुट्ट, बदलला. झाकण उलटं ठेवल्यावर चांगलंच नाचत होतं, पण ब्रीदरचा पाइप काढला तर एकदम शांत झालं, आणि त्या पाइपात काळा चिकट गाळ भरलेला. शाफ्टला आतबाहेर प्ले नाही, पातं कुठे घासलेलं नाही. इंटरकूलरमधून मात्र ऑइल वाटीभर तरी निघालं, ते बघून पार्लेकर काकांचं आठवलं आणि पोटात गोळा आला. एक्झॉस्टला इंजिनकडचं तोंड कोरडं, बाहेरचं ओलं. रिटर्न पाइप काढला तर आतून कार्बनचा थर, करंगळी कशीबशी जाईल एवढीच जागा उरलेली. म्हणजे रिंगा नाहीत आणि टर्बो पण बहुतेक ठीक आहे असं तो म्हणाला, ब्रीदर आणि रिटर्न दोन्ही मिळून झालंय.

पाइप उद्या येतोय, गाडी तिथेच ठेवलीये. मला आता दोन गोष्टी विचारायच्यात. बसवताना काय लक्ष ठेवू? आणि हे झालंच कसं, सर्व्हिस तर मी दर १०,००० किमीला करत आलेय, एकही चुकवली नाही.


भांडुप_गॅरेज:

वा, नीट काम केलंय त्याने. रिटर्न पाइप नवीन टाकताय ते उत्तम, जुना साफ करून परत लावला तर आतला सैल झालेला कार्बन कुठे जाईल सांगता येत नाही. ऑइल वर घेऊन जाणारा बारीक फीड पाइप पण सोबतच बदला, रिटर्न एवढा बुजलाय तर तो पण आतून तसाच असणार, आणि तो बुजला की टर्बोला ऑइल मिळत नाही आणि मग मात्र शाफ्ट खरंच जातो. दोन्ही पाइपांना नवीन गॅस्केट, नवीन वॉशर. सिलिकॉन लावू देऊ नका, हे समोर उभं राहून बघा, जास्तीचा सिलिकॉन दाबून आत येतो आणि त्याच भोकात अडकतो जे आपण मोकळं करतोय. इंटरकूलर खाली काढून डीग्रीझरने धुवायचा, तोंड खाली करून निथळत ठेवायचा, कॉम्प्रेसरच्या हवेने पूर्ण सुकवायचा, आत काहीही ओलं राहता कामा नये. ब्रीदरचे सगळे पाइप नवीन किंवा पूर्ण साफ. ऑइल आणि फिल्टर आत्ताच बदला, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच. पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर लगेच रेस नाही, आयडलवर राहू दे, वर ऑइल पोचू दे.

आता झालं कसं ते. तुम्ही सर्व्हिस किलोमीटरवर मोजताय आणि ऑइल तासांवर म्हातारं होतं. हायवेला सरासरी ६० ने १०,००० किमी म्हणजे १६७ तासांच्या आसपास. तुमच्या जेव्हीएलआरला सरासरी २० धरली तर तेच १०,००० किमी म्हणजे ५०० तास. तेवढे तास ते ऑइल गरम टर्बोमधून फिरतंय, काजळी गोळा करतंय, आणि मीटर मात्र सर्व्हिस वेळेत आहे असंच दाखवतंय. तुमच्यासारख्या रस्त्याला मी ६ ते ७ हजारला ऑइल बदलायला सांगतो, आणि एअर फिल्टर दर वेळी उघडून बघायचा. ट्रॅफिकमधून हळूहळू घरी आलात तर गाडी लगेच बंद केली तरी चालते. हायवेवरून किंवा घाट चढून थेट थांबलात तर मिनिटभर आयडल ठेवायची, नाहीतर तापलेल्या टर्बोतलं ऑइल जागीच जळून कार्बन होतं.


पार्लेकर_६७:

पोरी, वाटीभर ऑइल वेळेत निघालं हे फार बरं झालं. टर्बोचा खर्च वाचला त्याचा पण आनंद आहे, भांडुपचे साहेब म्हणत होते ते पटलं. पीयूसी संपली तरी काम पूर्ण होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नकोस, दंड १०,००० पर्यंत होऊ शकतो.


मुलुंडची_डिझेल:

काका नाही काढणार. दादा एक राहिलं, बसवून झाल्यावर धूर लगेच बंद होईल ना? नाही झाला तर काय समजू?


भांडुप_गॅरेज:

लगेच नाही होणार, आणि तेव्हा घाबरून कोणाच्या सांगण्यावरून टर्बो उघडू नका. एवढे दिवस गळलेलं ऑइल सायलेन्सरमध्ये आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये बसलंय, ते तापून जळून जाईपर्यंत धूर दिसतच राहणार. आधी एक-दोन दिवस जवळपास हळू चालवा, इंटरकूलरचा खालचा पाइप एकदा परत उघडून कोरडा आहे का बघा, मग एकदा ईस्टर्न एक्सप्रेस हायवेने ठाण्यापुढे नाशिक हायवेला सकाळी लवकर एक लांब चक्कर मारा, एकसारख्या वेगाने, म्हणजे एक्झॉस्ट नीट तापेल. त्यानंतर ऑइल मॅक्सला आणून गाडी सपाट जागेवर थंड असताना लेव्हलची नोंद ठेवा, आणि १,००० किमीनंतर त्याच जागेवर परत बघा. धूर गेला आणि लेव्हल जागेवर, तर पीयूसी करून घ्या. लेव्हल परत उतरली आणि पाइप परत ओला झाला, तर मग टर्बोचं कार्ट्रिज बदलायचं, आणि तेव्हा मी स्वतः सांगेन की बदला.